एकच पेला, दोन रांगा : तरंगंबाडीच्या लुथरन मंडळीतील उपासनाजीवन आणि प्रभुभोजनाची प्रथा (इ. स. १७०६ ते १९१९)

सारांश

इ. स. १७०६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत भारतातील प्रोटेस्टंट मिशनकार्यास प्रारंभ झाला. हे कार्य लुथरन परंपरेचे होते. लुथरन धर्मसुधारणेने सामान्य श्रद्धाळूस प्रभुभोजनाचा पेला परत मिळवून दिला. परंतु तमिळ प्रदेशात हाच पेला जातिव्यवस्थेच्या कसोटीचा विषय बनला. प्रस्तुत शोधनिबंधात या मंडळीच्या उपासनाजीवनाचा आढावा घेऊन बैठक, क्रम आणि संस्कार देणारा हात या तीन अंगांनी प्रभुभोजनाच्या प्रथेची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : लुथरन मंडळी, प्रभुभोजन, तरंगंबाडी, तंजावर, पंक्तिभेद, अदियाफोरा.

प्रास्ताविक

भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे लेखन बहुधा धर्मांतर, शिक्षण, मुद्रण व समाजसेवा या चार विषयांभोवती फिरते. मिशनऱ्यांनी काढलेल्या शाळा, त्यांनी तयार केलेली व्याकरणे व शब्दकोश, त्यांनी आणलेले छापखाने यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. मात्र धर्मांतरानंतर जी मंडळी निर्माण झाली, ती दर रविवारी एकत्र येऊन नेमके काय करीत असे, कोण कोठे बसत असे, भाकर व द्राक्षारस कोणाच्या हातून आणि कोणत्या क्रमाने घेत असे, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः कोणत्याही धर्मसमुदायाचे खरे स्वरूप त्याच्या ग्रंथांइतकेच त्याच्या विधींतून प्रकट होते. ग्रंथात मान्य केलेली समता विधीत टिकते की नाही, हे पाहिल्याखेरीज त्या समतेचे मोल ठरविता येत नाही.

या दृष्टीने तरंगंबाडीच्या लुथरन मंडळीचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. ही भारतातील पहिली प्रोटेस्टंट मिशनमंडळी होय. तिच्या कारभाराचे वृत्तांत जर्मनीतील हाले येथून अठराव्या शतकात सातत्याने प्रसिद्ध होत राहिले. शिवाय या इतिहासाचा महाराष्ट्राशीही एक दुवा आहे. तरंगंबाडीच्या भोवतालचा प्रदेश भोसले घराण्याच्या तंजावर राज्याचा होता आणि या परंपरेतील एक मिशनरी तंजावरच्या मराठी राजपुत्राचा पालक व शिक्षक होता. मराठी वाचकास तंजावर परिचित असते ते सरस्वती महाल ग्रंथालय, मराठी नाटके व शिलालेख यांमुळे. त्याच राज्यात चाललेला हा वाद मात्र फारसा परिचित नाही.

प्रभुभोजनाविषयी लुथरन भूमिका

येशू ख्रिस्ताने वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री शिष्यांसमवेत घेतलेल्या भोजनाची स्मृती म्हणून ख्रिस्ती मंडळ्या भाकर व द्राक्षारसाचा संस्कार करतात. मराठी प्रोटेस्टंट परंपरेत त्यास प्रभुभोजन म्हणतात. मध्ययुगीन पाश्चात्य चर्चमध्ये सामान्य श्रद्धाळूस केवळ भाकर देण्याची आणि पेला धर्मगुरूने एकट्याने घेण्याची प्रथा रूढ झाली होती. बोहेमियातील यान हुस यांच्या अनुयायांनी या प्रथेस विरोध करून सर्वांना पेला मिळावा अशी मागणी केली. हुस यांना १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जाळण्यात आले आणि त्याच धर्मसभेने सामान्यांना पेला न देण्याची प्रथा कायम केली. त्यानंतर शतकभराने मार्टिन लुथर यांनी हीच मागणी पुन्हा उचलून धरली. लुथरन पंथाचा मूलभूत जाहीरनामा मानल्या जाणाऱ्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात भाकर व पेला दोन्ही सर्वांना देण्यासंबंधी स्वतंत्र कलम आहे. पेला हे अशा प्रकारे लुथरन चळवळीच्या ओळखीचेच एक चिन्ह ठरले.

भाकर व द्राक्षारस यांत ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर उपस्थित असते, ही लुथर यांची दुसरी ठाम भूमिका होती. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे स्विस सुधारक झ्विंग्ली यांच्याशी झालेली चर्चा याच मुद्द्यावर फिसकटली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लघु प्रश्नोत्तरीत लुथर यांनी प्रभुभोजनास कोण पात्र, याचे उत्तर दिले आहे. उपवास व बाह्य तयारी ही चांगली शिस्त आहे. परंतु हे शरीर व रक्त आपल्यासाठी दिले गेले यावर ज्याचा विश्वास आहे तोच खरा पात्र, असा त्या उत्तराचा आशय आहे. पात्रतेचा निकष येथे श्रद्धा हा एकच आहे. जन्म, व्यवसाय किंवा दर्जा यांना त्यात स्थान नाही.

याबरोबरच लुथरन परंपरेने प्रभुभोजनाभोवती शिस्तीची चौकट उभी केली. आउग्सबुर्ग कबुलीजबाबानुसार ज्याची आधी विचारपूस झाली आहे आणि ज्यास पापमुक्तीचे वचन मिळाले आहे, त्यासच प्रभुभोजन दिले जाई. म्हणजे पाळकाकडे आधी जाणे, प्रश्नोत्तरीचे ज्ञान दाखविणे, पापांगीकार करणे आणि मग वेदीपाशी येणे असा हा क्रम होता. ही चौकट पुढे तरंगंबाडीत जशीच्या तशी आली. प्रश्न असा उद्भवला की, जी परीक्षा श्रद्धेची होती तिच्याशेजारी जातीची एक अलिखित परीक्षाही उभी राहिली काय?

तरंगंबाडीतील मंडळीची घडण

तंजावरचे रघुनाथ नायक यांच्याशी १६२० मध्ये झालेल्या करारानुसार डेन्मार्कला तरंगंबाडी येथे व्यापारी ठाणे मिळाले आणि तेथे डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजी राजांनी तंजावरला भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि डॅनिश वसाहत मराठी राज्याच्या शेजारात आली. वसाहतीतील युरोपीय लोकांसाठी १७०१ मध्ये झायन चर्च बांधले गेले. परंतु स्थानिक लोकांत धर्मप्रसार करण्याचा व्यापारी कंपनीचा मानस नव्हता.

डेन्मार्कचे राजे चौथे फ्रेडरिक यांनी मात्र स्वतःच्या आश्रयाने मिशनरी पाठविण्याचे ठरविले. त्यानुसार बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग व हाइनरिख प्लुत्शाउ हे दोन जर्मन तरुण ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीस पोहोचले. दोघांवरही हाले येथील आउगुस्ट हर्मान फ्रांके यांच्या भक्तिवादी चळवळीचा प्रभाव होता. व्यक्तिगत पश्चात्ताप, बायबलचे वाचन आणि आचरणाची कठोर शिस्त ही या चळवळीची वैशिष्ट्ये होत. १२ मे १७०७ रोजी पहिले बाप्तिस्मे झाले. ते घेणारे पाच जण डॅनिश मालकांचे गुलाम होते. त्याच वर्षी १४ ऑगस्टला नवे यरुशलेम नावाच्या लहानशा मंदिराचे समर्पण झाले. या नावाचे दुसरे, मोठे व क्रूसाच्या आकाराचे मंदिर १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. झीगेनबाल्ग २३ फेब्रुवारी १७१९ रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले आणि त्यांचे दफन याच मंदिरात झाले.

मंडळीचा आरंभ गुलामांपासून झाला ही बाब लक्षणीय आहे. परंतु मंडळी वाढू लागली तशी तिच्यात दोन प्रमुख गट दिसू लागले. एक गट वेळ्ळाळर या जमीनधारक व प्रतिष्ठित शेतकरी जातीचा. मिशनरींच्या लेखनात त्यांचा उल्लेख बहुधा शूद्र असा येतो. दुसरा गट परैयर या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा. गावात या दोन समाजांच्या वस्त्या, विहिरी व वाटा भिन्न होत्या. मंदिरात मात्र ते एका छपराखाली, एका वेदीसमोर येत होते.

रविवारची उपासना आणि प्रभुभोजनाची तयारी

तरंगंबाडीच्या मंडळीची उपासना दोन भाषांत चाले. किनारपट्टीवरील मिश्रवंशीय व घरकामगार वर्गासाठी पोर्तुगीज आणि इतरांसाठी तमिळ. झीगेनबाल्ग यांनी आगमनानंतर अल्पावधीतच तमिळ आत्मसात करून त्या भाषेत प्रवचने देण्यास प्रारंभ केला. उपासनेच्या मुळाशी प्रवचन, सामुदायिक गायन, प्रार्थना व प्रश्नोत्तरी ही चार अंगे होती. प्रश्नोत्तरीच्या वर्गास उपासनेइतकेच महत्त्व होते. लुथर यांची लघु प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणली गेली. १७१२-१३ च्या सुमारास छपाईची साधने आल्यानंतर तमिळ पुस्तके तरंगंबाडीतच छापली जाऊ लागली आणि १७१४-१५ मध्ये नव्या कराराचे तमिळ भाषांतर मुद्रित झाले. ज्या समाजात धर्मग्रंथाचे श्रवणही काहींना वर्ज्य होते, तेथे परैयर मुलाच्या हाती छापील शुभवर्तमान येणे ही घटना लहान नव्हती.

गायनाच्या बाबतीत आरंभी जर्मन गीतांचे तमिळ अनुवाद मूळ जर्मन चालींवर गाण्याची प्रथा पडली. योहान फिलिप फाब्रिसियुस (१७११-१७९१) यांनी या अनुवादांना भाषिक दर्जा प्राप्त करून दिला. पुढे कर्नाटक संगीताच्या अंगाने रचलेली तमिळ ख्रिस्ती कीर्तने पुढे आली आणि मंडळीच्या उपासनेत दोन संगीतपरंपरा शेजारी-शेजारी नांदू लागल्या.

प्रभुभोजनापूर्वी इच्छुकांनी मिशनरी अथवा पाळकाकडे येऊन नाव नोंदविणे, त्यांची शिकवणीच्या वर्गात तयारी होणे, भांडणतंटे असल्यास ते मिटविणे व पापांगीकार करणे अपेक्षित होते. वार्षिक वृत्तांतांत बाप्तिस्म्यांप्रमाणेच प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्याही कळविली जाई. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण आपोआप वेदीपाशी येत नसे. त्यामुळे प्रभुभोजनास प्रवेश मिळणे म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होणे असा अर्थ रूढ झाला.

येथे भाषेचा एक मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. तमिळ प्रोटेस्टंट ख्रिस्ती या संस्कारास रापोजनम् म्हणजे रात्रीचे भोजन, तसेच तिरुविरुंदु म्हणजे पवित्र मेजवानी असे म्हणतात. दोन्ही शब्दांत भोजनाची कल्पना उघड आहे. युरोपीय श्रद्धाळूच्या दृष्टीने ते केवळ नाव होते. भारतीय समाजात मात्र भोजन हा जातीच्या सीमारेषा सर्वांत कसोशीने जपण्याचा प्रसंग होय. कोणाच्या पंगतीला कोण बसतो, कोणाच्या हातचे कोण खातो, यावर जात ठरे. मराठीतील पंक्तिभेद हा शब्द याच व्यवस्थेचा साक्षीदार आहे. शिवाय एकाच्या ओठांना लागलेले पात्र दुसऱ्याने तोंडी लावणे म्हणजे उष्टे घेणे. तमिळमध्ये त्यास एच्चिल म्हणतात. अशा समाजात सर्वांनी एकाच पेल्यातून पिणे ही निव्वळ धार्मिक कृती राहत नाही, तर ती सामाजिक घोषणा ठरते.

बैठक, क्रम आणि हात

या घोषणेस तरंगंबाडीच्या मंडळीने कोणता प्रतिसाद दिला, हे तीन अंगांनी पाहता येते.

पहिले अंग बैठकीचे. मंदिरात वेळ्ळाळर व परैयर यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या ठेवल्या गेल्या. मिशनरींनी ही व्यवस्था प्रारंभापासून मनःपूर्वक स्वीकारली असे म्हणता येत नाही. परंतु ती मोडण्याचा आग्रह धरल्यास वेळ्ळाळर मंडळी दुरावतील, ही भीती त्यांना होती. व्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांकडे एक मार्मिक युक्तिवादही होता. युरोपातील चर्चमध्येसुद्धा सरदार, व्यापारी व नोकर एका बाकावर बसत नाहीत, दर्जाप्रमाणे बसतात. मग तमिळ मंडळीकडूनच वेगळी अपेक्षा का? हा युक्तिवाद निराधार नव्हता. मात्र युरोपातील नोकर श्रीमंत झाल्यास त्याची जागा बदलू शकत होती. परैयर कुटुंबाची जागा पिढ्यान्‌पिढ्या बदलत नव्हती.

दुसरे अंग क्रमाचे. अठराव्या शतकात काही काळ दोन गटांसाठी दोन स्वतंत्र पेले वापरले गेले. पुढे ही पद्धत बंद होऊन एकच पेला आला. वरवर पाहता हा समतेचा विजय वाटतो. परंतु एकच पेला असतानाही वेळ्ळाळरांनी आधी आणि परैयरांनी नंतर यावे, हा क्रम कायम राहिला. उष्ट्याच्या कल्पनेचा विचार केल्यास या क्रमाचा अर्थ स्पष्ट होतो. आधी पिणाऱ्याला नंतर पिणाऱ्याचा स्पर्श होत नाही. म्हणजे एक पेला स्वीकारण्यासाठी वरच्या गटाला काहीच सोडावे लागले नाही. दुसऱ्याचे उष्टे घेण्याची वेळ नेहमी खालच्या गटावरच आली. पेल्यांची संख्या दोनावरून एकावर आली तरी रांगा दोनच राहिल्या. म्हणूनच पेला एक की दोन या प्रश्नापेक्षा कोणानंतर कोण, हा प्रश्न या प्रथेच्या आकलनास अधिक उपयुक्त ठरतो.

तिसरे अंग संस्कार देणाऱ्या हाताचे. १७३३ मध्ये आरोन यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. भारतातील प्रोटेस्टंट मिशनने दीक्षा दिलेले ते पहिले भारतीय पाळक होत. ते वेळ्ळाळर कुळातील होते. त्यांच्याच काळात राजनायकन् हे अत्यंत प्रभावी उपदेशक कार्यरत होते. ते परैयर, जन्माने रोमन कॅथलिक आणि तंजावरच्या मराठी राजाच्या सैन्यातील शिपाई. मिशनने छापलेले तमिळ शुभवर्तमान वाचून ते लुथरन मंडळीकडे वळले आणि तंजावर राज्यात त्यांनी दीर्घकाळ कार्य केले. १७४१ मध्ये दुसऱ्या पाळकाच्या निवडीचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या नावाचा विचार झाला. त्यांच्या योग्यतेविषयी मिशनरींना शंका नव्हती. परंतु परैयराच्या हातून प्रभुभोजन घेण्यास वरच्या जातीचे ख्रिस्ती कचरतील आणि त्यामुळे संस्काराविषयीचाच आदर उणावेल, असा विचार पुढे येऊन त्यांची दीक्षा झाली नाही. दीक्षा दियेगो यांना मिळाली.

या निर्णयातील अंतर्विरोध गंभीर आहे. पाळकाच्या व्यक्तिगत गुणदोषांवर संस्काराची सत्यता अवलंबून नसते, असे लुथरन कबुलीजबाब स्पष्टपणे सांगतो. दुराचारी पाळकाच्या हातूनही संस्कार खरा ठरत असेल, तर सदाचारी परैयराच्या हातून तो उणा कसा ठरेल? सिद्धान्ताच्या पातळीवर या प्रश्नास उत्तर नव्हते. निर्णय सिद्धान्ताने नव्हे, तर मंडळी फुटण्याच्या भीतीने झाला होता.

तंजावर : श्वार्ट्झ, सरफोजी राजे आणि वेदनायगम शास्त्री

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेचे केंद्र तरंगंबाडीहून तंजावर व तिरुचिरापल्लीकडे सरकले. याचे श्रेय मुख्यतः ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ (१७२६-१७९८) यांच्याकडे जाते. ते १७५० मध्ये तरंगंबाडीस आले आणि पुढे इंग्लंडमधील ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेच्या साहाय्याने, परंतु लुथरन पद्धतीनेच कार्य करीत राहिले. तंजावरचे तुळजाजी राजे यांचे दत्तक पुत्र सरफोजी यांचे पालकत्व व शिक्षण श्वार्ट्झ यांच्याकडे आले. सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तथापि गुरूच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारकशिल्प घडवून ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले.

जातीच्या बाबतीत श्वार्ट्झ यांचे धोरण समजुतीचे होते. सक्ती केल्यास मने दुरावतात, शिकवण रुजली की भेद आपोआप गळून पडतील, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या छायेत वाढलेले वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) हे तमिळ ख्रिस्ती काव्याचे श्रेष्ठ रचनाकार आणि वेळ्ळाळर ख्रिस्ती होते. त्यांना सरफोजी राजांचाही आश्रय लाभला. १८२० च्या दशकात नव्याने आलेल्या मिशनरींनी बैठकीतील भेद, गीतांचे जुने पाठ व स्थानिक चालीरीती यांत बदल करण्यास प्रारंभ केला तेव्हा वेदनायगम शास्त्री विरोधात उभे राहिले. १८२९ मध्ये जातिसुधारणेच्या आग्रहावर टीका करणारे लेखन त्यांनी केले. जात ही सामाजिक मर्यादा आहे, तिचा श्रद्धेशी संबंध नाही, आणि जुन्या गुरूंनी जे चालवून घेतले ते नव्यांनी मोडू नये, असा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता.

शास्त्रीबोवांची भूमिका केवळ जात्यभिमान म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. परकीय मिशनरींनी एका फटक्यात भाषा, गीते व रीती बदलण्यास त्यांचा जो विरोध होता, त्यात सांस्कृतिक स्वत्वाचा रास्त आग्रहही होता. परंतु याच स्वत्वाच्या नावाखाली परैयर बांधवाचे दुय्यम स्थान अबाधित राखले जात होते, हेही तितकेच खरे. देशी गीत आणि देशी पंक्तिभेद या दोन गोष्टी त्यांच्या प्रतिपादनात एकत्र बांधल्या गेल्या.

१८३३ चे परिपत्रक आणि मंडळीतील फूट

ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने दक्षिणेतील कार्य अन्य अँग्लिकन संस्थेकडे सोपविल्यानंतर या मंडळ्या अँग्लिकन बिशपांच्या देखरेखीखाली आल्या. बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२६ मध्ये तंजावरला भेट दिली, सरफोजी राजांची गाठ घेतली आणि जातीच्या प्रश्नावर सबुरीचे धोरण ठेवले. त्याच दौऱ्यात त्यांचा तिरुचिरापल्ली येथे मृत्यू झाला. त्यांच्यानंतर काही वर्षांनी आलेले बिशप डॅनियल विल्सन यांनी मात्र जुलै १८३३ मध्ये परिपत्रक काढून जातिभेद मंडळीतून तत्काळ व कायमचा नाहीसा करण्याचा आदेश दिला. उपासनेतील बैठक व प्रभुभोजनातील वेगळेपण या दोन्ही गोष्टी त्याच्या कक्षेत आल्या.

परिणाम तीव्र झाले. मद्रासमधील वेपेरी व तंजावर येथे आदेश वाचून दाखविल्यानंतर वेळ्ळाळर ख्रिस्ती मोठ्या संख्येने मंडळीबाहेर पडले. त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही. त्यांनी सोडली ती परैयरांसमवेत बसण्याची सक्ती. श्रद्धेपेक्षा पंगत बलवत्तर ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि आदेशाचा मार्गही निर्दोष नव्हता. हा निर्णय परकीय सत्तेशी निगडित अधिकाऱ्याने वरून लादला होता. त्यात परैयर सभासदांच्या स्वतःच्या आवाजाला स्थान नव्हते. वाद चालला तो मिशनरी आणि वेळ्ळाळर यांच्यात. ज्यांच्या जागेचा तो वाद होता ते बहुतांशी त्याचे विषय राहिले, वक्ते झाले नाहीत.

लाइपझिग मिशन आणि अदियाफोरा

याच सुमारास जर्मनीत लुथरन अस्मितेचे पुनरुज्जीवन होत होते. १८३६ मध्ये ड्रेस्डेन येथे स्थापन झालेले व १८४८ मध्ये लाइपझिग येथे स्थलांतरित झालेले मिशन तरंगंबाडीच्या वारशाचे उत्तराधिकारी बनले. त्याचे मिशनरी हाइनरिख कॉर्डेस १८४० च्या दशकाच्या आरंभी तरंगंबाडीत कार्यरत झाले. डेन्मार्कने १८४५ मध्ये तरंगंबाडी ईस्ट इंडिया कंपनीस विकल्यानंतर जुन्या मंडळीची जबाबदारी क्रमाने या मिशनकडे आली. अँग्लिकन मंडळ्यांतून बाहेर पडलेल्या अनेक वेळ्ळाळर कुटुंबांना येथे आसरा मिळाला.

१८५० मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने जातीचा प्रत्यक्ष त्याग केल्याखेरीज कोणासही मंडळीत घेऊ नये, असा ठराव केला. अस्पृश्याच्या हातचे अन्न खाणे ही त्या त्यागाची कसोटी मानली गेली. लाइपझिग मिशन या ठरावापासून अलिप्त राहिले. त्याचे संचालक कार्ल ग्राउल हे तमिळ भाषेचे गाढे अभ्यासक होते. १८४९ ते १८५३ या काळात त्यांनी केलेल्या प्रवासात भारतातील परिस्थिती प्रत्यक्ष पाहिली. जात ही मुळात नागरी व सामाजिक संस्था आहे. तिच्यातील धर्मविरोधी अंश शिकवणुकीने हळूहळू दूर करावा, खाण्यापिण्याची कसोटी लादणे म्हणजे नवे कर्मकांड निर्माण करणे होय, असे त्यांचे मत होते.

या भूमिकेमागे अदियाफोरा ही लुथरन संकल्पना होती. जी गोष्ट धर्मशास्त्राने आज्ञापिलेली नाही आणि निषिद्धही मानलेली नाही, ती अदियाफोरा, म्हणजे ऐच्छिक बाब. वस्त्रे, सण, विधींचे बाह्य स्वरूप या गोष्टी या वर्गात मोडतात. मात्र १५७७ च्या एकमत-सूत्रात या विषयावरील कलमाने एक महत्त्वाची मर्यादाही घातली आहे. एरवी ऐच्छिक असलेली बाब सत्याची कबुली देण्याच्या प्रसंगी ऐच्छिक राहत नाही. ज्या सवलतीमुळे शुभवर्तमानाच्या सत्याला बाध येतो ती सवलत देता येत नाही. परैयराने नेहमी मागूनच यावे, ही अट ऐच्छिक बाब होती की सत्याला बाध आणणारी सवलत, हा खरा प्रश्न होता.

नव्या करारातील दोन प्रसंग या संदर्भात उद्बोधक ठरतात. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी संपन्न लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने हा प्रकार प्रभुभोजनच नव्हे असे ठरविले. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून गेला, तेव्हा पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. दोन्ही प्रसंगी वाद सिद्धान्ताचा नव्हता, जेवणाचा होता. आणि पौलाच्या दृष्टीने जेवण हाच सिद्धान्त होता.

लाइपझिग मिशनमध्येही या प्रश्नावर एकमत नव्हते. कार्ल ऑक्स या मिशनरीने जातीविषयक सहिष्णुतेस तीव्र विरोध केला. अखेरीस ते मिशनपासून विभक्त झाले आणि १८६० च्या दशकात त्यांचे कार्य डॅनिश मिशनरी सोसायटीशी जोडले गेले. लुथरन परंपरेच्या आतूनच, तिच्याच तत्त्वांच्या आधारे हा विरोध उभा राहिला, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

विसाव्या शतकाकडे

पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरींना भारत सोडावा लागला आणि कार्याची धुरा स्वीडिश मिशनकडे आली. १४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्वतंत्रपणे संघटित झाले. त्याच्या बिशपास आजही तरंगंबाडीचे बिशप ही पदवी आहे. पहिले बिशप स्वीडिश होते; १९५६ मध्ये राजा मणिकम् हे पहिले भारतीय बिशप झाले. १९४७ मध्ये दक्षिण भारत चर्चची स्थापना झाली तेव्हा हे चर्च त्यात विलीन झाले नाही. प्रभुभोजनातील ख्रिस्ताच्या उपस्थितीविषयीचा लुथरन आग्रह त्याने स्वतंत्रपणे जपला.

१९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती विचारवंतांनी दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. अरविंद निर्मळ हे तिचे एक प्रवर्तक, आणि चेन्नईचे गुरुकुल लुथरन धर्मशास्त्र महाविद्यालय हे तिचे एक प्रमुख केंद्र होय. ज्या परंपरेत राजनायकन् यांना वेदीपाशी उभे राहता आले नाही, त्याच परंपरेच्या एका संस्थेत त्यांच्या वंशजांच्या अनुभवाला धर्मशास्त्राचा पाया मानले गेले. वादाचे विषय राहिलेले लोक अखेर वक्ते झाले. त्यासाठी अडीचशे वर्षे लागली.

निष्कर्ष

१. तरंगंबाडीच्या लुथरन मंडळीने प्रवचन, प्रश्नोत्तरी, गायन व प्रभुभोजनाची शिस्तबद्ध तयारी यांवर आधारलेले समृद्ध उपासनाजीवन निर्माण केले. देशी भाषेतील छापील धर्मग्रंथ सर्व जातींच्या हाती देणे ही तिची मोठी ऐतिहासिक कामगिरी होय.

२. भाकर व द्राक्षारसात कोण उपस्थित आहे, या प्रश्नावर या परंपरेने कधीही तडजोड केली नाही. भाकर घेताना शेजारी कोण आहे, हा प्रश्न मात्र तिने दीर्घकाळ ऐच्छिक मानला.

३. एकाच पेल्याचा वापर हा समतेचा पुरेसा पुरावा ठरत नाही. बैठक, क्रम आणि संस्कार देणारा हात या तिन्ही अंगांनी पाहिले असता एका पेल्यातही पंक्तिभेद टिकू शकतो, असे दिसून येते.

४. सबुरीचे धोरण व सक्तीचे धोरण या दोहोंच्या मर्यादा या इतिहासात उघड होतात. सबुरीने भेदाला पिढ्यान्‌पिढ्यांचे आयुष्य दिले. सक्तीने मंडळी फोडली. दोन्ही धोरणे ठरविताना ज्यांना शेवटी पेला मिळत होता, त्यांचे मत क्वचितच विचारले गेले.

५. धर्मसमुदायांच्या इतिहासलेखनात विधी व उपासनाप्रथा यांना दुय्यम स्थान देणे योग्य नाही. समतेची कबुली कोणत्या ग्रंथात आहे, यापेक्षा पेला कोणानंतर कोणाच्या हाती गेला, हे अनेकदा इतिहासाबद्दल अधिक सांगून जाते.